स्टीलवरचे सहा चेहरे

सोमवार, ८ जानेवारी

आज घरीच होतो. उत्तरेचा कोरडा वारा सुरू झालाय, ओठ फुटलेत. दुपारी समोर टोपलं घेऊन बसणाऱ्या आचियाबाईंकडून केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उंडा, आणि तळलेला मासा आणला. व्हरांड्यात बसून खाल्ला. मग बायकोच्या मामांचा, आम्पोफोमामांचा, मांपोंगहून फोन आला.

बायको जाऊन वर्ष होतंय; बिरागोच्या वर्षाचं कार्य शनिवारी, ३ फेब्रुवारीला धरलंय. सकाळी चर्च, सगळे पांढऱ्या कपड्यांत, मग इथे जेवण. मामा म्हणाले, "जावईबापू, त्याच दिवशी ट्रकही आणतो. पुन्हा कुमासीला दुसरी फेरी कशाला? चेहरे जागेवर आहेत ना?" मी म्हटलं, "आहेत." ते म्हणाले, "मग झालं. कोणाला हात लावू देऊ नका."

चेहरे म्हणजे स्टिकर. अंत्यविधीसाठी छापले होते, बरेच उरले. तळहाताएवढे, अंडाकृती. पिवळ्या केंटे कापडात हसणारी बिरागो आणि खाली ‘नीज सुखाने’. चाळिसाव्या दिवशी मामा आणि बिरागोची धाकटी बहीण सापोमा आत गेले आणि स्वयंपाकघरातल्या सहा वस्तूंवर एकेक चिकटवून आले. फ्रिज, गॅसचा ओव्हन, पीठ मळायचं यंत्र, मायक्रोवेव्ह, किटली, टोस्टर. सगळ्या स्टीलच्या, चकचकीत. बिरागो घरून पॅटिस आणि केक पुरवायची, त्या कमाईतून तिने एकेक घेतलेल्या.

मी तेव्हा व्हरांड्यात होतो. काही विचारलं नाही. बायकोच्या वस्तूंबद्दल सासुरवाडीला प्रश्न विचारणारा जावई काय लायकीचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. शिवाय विचारण्यासारखं काही नव्हतंच. सगळी नोकरी मी बांधकाम खात्याच्या भांडारात केली. ज्या मालाला चिठ्ठी लागली तो जाणारा माल. बाईची वस्तू तिच्या आईच्या घराण्याची. आम्हाला मूलबाळ नाही. रीत आहे, माझी तक्रार नाही.

मात्र एक गोष्ट आज ध्यानात आली. गोंदाने स्टील खराब होतं. वस्तू कोणाच्याही घरी जावो, स्वच्छ जावी.

ठराव: सहाही स्टिकर काढणे. या शनिवारपर्यंत आटपेल.

(स्टिकर नसले तर कुठल्या वस्तू न्यायच्या हे मामांना आठवणार नाही, असला विचार माझ्या मनात आलेला नाही. मामांची नजर अधू झालीय, ती वेगळी गोष्ट.)

बुधवार, १० जानेवारी

फ्रिजपासून सुरुवात. मोठी वस्तू आधी, म्हणजे उत्साह राहतो.

नखाने वरची कड उचलली. वरचा पापुद्रा निघाला, खालचा राहिला. डोक्याचं फडकं आणि कपाळ गेलं. डोळ्यांपाशी आल्यावर नख दुखायला लागलं म्हणून थांबलो. दुसरं काही कारण नाही.

फ्रिजवर दुकानाचे स्टिकरही आहेत. विजेचे पाच तारे, दहा वर्षांची हमी. हँडलवर निळं प्लास्टिक अजून तसंच आहे. बिरागो ते काढू द्यायची नाही. "स्टिकर निघाला की वस्तू जुनी झाली," म्हणायची. पाहुणे आले की त्यांना पाणी द्यायच्या आधी फ्रिजचे तारे दाखवायची. ते स्टिकर मी ठेवतोय. त्यांचा गोंद चांगल्या प्रतीचा असावा.

डोळे उद्या.

गुरुवार, ११ जानेवारी

गरम पाण्याचं फडकं लावून ठेवलं. मग चोळलं. कागदाचा लगदा झाला. डोळे, नाक, हसू, सगळं निघालं. गोंद राहिला.

संध्याकाळी पाहिलं तर गोंदावर धूळ बसली होती. या वाऱ्याची धूळ बारीक आणि तांबडी, बंद खिडकीतूनही येते. फ्रिजच्या दारावर बिरागोच्या चेहऱ्याच्या आकाराचा गडद डाग. व्हरांड्यातून पाहिलं तर आतमध्ये कोणीतरी उभं राहून बाहेर बघतंय असं वाटतं.

वाटत नाही. आकार तसा आहे, एवढंच.

शनिवार, १३ जानेवारी

गोंदाला तेल मारतं, हे शाळेत शिकलेलं शास्त्र. घरात फक्त पाम तेल होतं, बिरागोच्या हातची शेवटची बाटली. ओव्हनच्या दारावरच्या स्टिकरला भरपूर लावलं, वर चिंधी दाबून ठेवली आणि जुन्या खात्यातल्या एकाच्या अंत्यविधीला गेलो. दुखवट्याचं काळं कापड अंगावर होतंच, बदलावं लागलं नाही.

परत आलो. चिंधी गळून पडली होती. कागद तेलाने पारदर्शक झालेला, आणि दोन्ही डोळ्यांपासून लाल ओघळ ओव्हनच्या दारावरून जमिनीपर्यंत आलेले.

पाम तेल लालच असतं. ते खालीच वाहणार.

स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. जेवण व्हरांड्यात.

ठराव: सोमवारपासून स्वतः स्वयंपाक करणे. एवढा ओव्हन असताना रोज विकतचं खाणं बरं दिसत नाही.

रविवार, १४ जानेवारी

चर्चनंतर औषधाच्या दुकानात गेलो. तिथला माणूस म्हणाला, "पाम तेल नको, डाग पडेल. बेबी ऑइल न्या. स्वच्छ, बिनरंगी." मोठी बाटली घेतली. त्याने पारदर्शक पिशवीत दिली.

आचियाबाईंनी लांबूनच पाहिलं. "काय स्टोअरकीपर, बेबी ऑइल? कोणाचं बाळ?"

मी म्हटलं, "माझंच काम आहे."

"अगंबाई," त्या म्हणाल्या. मग माशाला मीठ लावता लावता म्हणाल्या, "या वयात!"

वयाचा काय संबंध? हात अजून चालतात माझे. बाई मनाने चांगल्या, पण कामाची गोष्ट त्यांना समजत नाही.

सोमवार, १५ जानेवारी

यश!

बेबी ऑइल लावून अर्धा दिवस थांबलो. ओव्हनवरचा स्टिकर कड धरताच घसरून अख्खा माझ्या तळहातावर आला. जरासुद्धा फाटला नाही. बिरागो माझ्या हातावर, हसत.

पुढे काय करायचं याचा विचार केला नव्हता. केराच्या टोपलीत टाकणं बरं दिसेना. टेबलावर ठेवला असता तर चिकटला असता. शेवटी अंगणातल्या दोरीवर चिमटा लावून वाळत घातला.

आचियाबाई कुंपणाशी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "बिरागोला बाहेर काढलंत?"

मी म्हटलं, "आत तिला ठेवून आता उपयोग नाही."

त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि गेल्या. मी म्हणालो ते गोंदाच्या दृष्टीने बरोबरच होतं.

वारा सुटला की स्टिकर दोरीवर गोल फिरतो. एकदा घराकडे तोंड, एकदा रस्त्याकडे. संध्याकाळी आत आणून कपाटाच्या दाराला आतून लावला.

स्वयंपाक उद्यापासून.

गुरुवार, १८ जानेवारी

किटली: पाणी उकळलं, पत्रा तापला, स्टिकर सुटला. सगळं काम असं हवं. फक्त किटली उकळून आपोआप बंद होते हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे मी ती बंद करायला घाईने हात घातला. बोट भाजलं. किरकोळ.

टोस्टर: हेच शास्त्र टोस्टरला लावलं. पाव न घालता चालू केला. आधी चेहऱ्यावर फोड आले. मग गालांपासून करपत गेला. धूर झाला, ‘फट्’ असा आवाज आला आणि घरातली वीज गेली. फक्त आमच्या घरातली. अंधारात करपल्याचा वास आणि कुठेतरी पत्रा गार होताना टिक टिक करत होता.

वायरमन म्हणाला, "अंकल, टोस्टर गेला." मी म्हटलं, "जाऊ दे, मी टोस्ट खात नाही." तो काळवंडलेल्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "आणि ही कोण?" मी म्हटलं, "माझी बायको." त्याने घाईने सामान आवरलं. चहाला थांबला नाही.

शुक्रवार, १९ जानेवारी

सापोमाचा फोन. तिचं केजेतिया बाजारात कापडाचं दुकान आहे, गर्दीतूनच बोलत होती.

"दाजी, बरे आहात ना?"

"बरा आहे."

"खूप बरे आहात असं ऐकलं. घरात कोणी येतं-जातं का?"

ती स्वयंपाकघर बघायला येईल अशी शंका आली. मी म्हटलं, "नाही, नको. कोणी यायला नको सध्या. घर नीट करायला घेतलंय."

बाजाराच्या गलक्यातून तिने विचारलं, "कोणासाठी नीट करताय?"

"पुढचं बघायला नको का?" मी म्हटलं.

"इतक्या लवकर, दाजी?"

कार्याला अजून दोन आठवडे आहेत, म्हणून तिला लवकर वाटलं असेल. मी म्हटलं, "वेळेत झालेलं बरं." तिने फोन ठेवला. बहुतेक गिऱ्हाईक आलं.

पोरगी हळवी आहे, पण माझ्यावर लोभ आहे तिचा.

मंगळवार, २३ जानेवारी

पीठ मळायच्या यंत्राला तेल लावायचं नाही, तेल मोटरमध्ये जाईल. कोरडी उष्णता हवी. रस्त्यापलीकडे कम्फर्टचं सलून आहे, तिच्याकडे हेअर ड्रायर मागायला गेलो.

आत चार-पाच बायका केस विणून घेत होत्या. मी दारात उभा राहिलो तशी बडबड थांबली.

कम्फर्ट म्हणाली, "अंकल, हेअर ड्रायर? कोणाच्या केसांना?" माझ्या डोक्यावर केस नाहीत, हे तिने बोलून दाखवलं नाही.

मी म्हटलं, "केसांना नाही. स्वयंपाकघरात लागतोय."

एक बाई म्हणाली, "बरोबर आहे, बाई स्वयंपाकघरात असली की तिथेच वाळवायचे." सगळ्या हसल्या. मलाही हसणं भाग पडलं. दुःखात असलेल्या माणसाने लोकांशी मिळून-मिसळून असावं असं पाद्री सांगतात.

ड्रायर गुलाबी निघाला. हातात धरून रस्ता ओलांडला.

लावला तोच सगळ्या वस्तीची वीज गेली. आली तेव्हा उन्हं उतरली होती. गोंद पातळ झाला, पण सुटेना. कड ओढत गेलो तसा कागद ताणला गेला. तोंड लांब झालं, हनुवटी पार यंत्राच्या पायाशी आली, आणि मागे गोंदाच्या तारा. ते तोंड उघडल्यासारखं दिसत होतं. काहीतरी सांगायला निघाल्यासारखं.

डोळे मिटून ओढलं. निघालं. बाकीचा गोंद तसाच आहे. उद्या.

बुधवार, २४ जानेवारी

ड्रायर परत केला. कम्फर्टला विचारलं, गोंद काढायला तिच्याकडे काय आहे. ती म्हणाली, "नेलपॉलिश रिमूव्हरने सगळं जातं." एक बाटली काढून दिली. पैसे देऊ लागलो तर हात मागे घेतला. "राहू दे अंकल. आहेर समजा."

भला स्वभाव.

मायक्रोवेव्हवर वापरलं. स्टिकर गेला, गोंद गेला. बटणांवरचे आकडेही गेले. ओव्हनच्या खटक्यांवर थोडं पुसलं, तिथलेही गेले. आता कुठलं बटण कशाचं हे लक्षात ठेवायला हवं. मला ते आधीही माहीत नव्हतं, तेव्हा नुकसान काहीच नाही.

बाटली खिडकीत ठेवलीय. शेजारच्या गॅलरीतून कोणीतरी तिच्याकडे बोट दाखवत होतं. लाल झाकण आहे, उठून दिसते.

स्वयंपाक पुढच्या आठवड्यात. मळायच्या यंत्राचं तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तसं विशेष काही नाही, भूक कमी आहे.

शुक्रवार, २६ जानेवारी

स्टिकर सहाही निघाले, टोस्टरवरचा करपलेलाही. डाग राहिलेत.

पहाटे उठून बघितलं. फ्रिजवर, ओव्हनवर, यंत्रावर धुळीने भरलेले अंडाकृती चेहरे. पुसलं की जातात, दुपारपर्यंत परत येतात. आधी तरी ती हसत होती. आता नाक-डोळे काही नाहीत, त्यामुळे ती कुठे बघते हे कळत नाही.

गॅरेजांच्या वस्तीत, सुआमेला गेलो. तिथे एक कारागीर ट्रोट्रो मिनीबसच्या मागच्या काचांवरची जुनी वचनं काढून नवी लावतो. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "चाचा, डाग पुसत बसू नका. पॉलिश मारा. डागच राहणार नाही, तर दिसणार काय?" पांढरी पेस्ट आणि ड्रिलला लावायची कापडी चकती दिली, ड्रिलही भाड्याने दिलं.

खरं होतं त्याचं. डाग पार गेले. पण चकती जिथे फिरली तिथे आरसा झाला. बाकीचं स्टील मळकट, आणि बरोबर तिच्या चेहऱ्याच्या जागी, तिच्या चेहऱ्याच्या आकाराचा आरसा.

फ्रिजसमोर वाकून पाहिलं. चेहरा त्यात नेमका बसत होता. माझा.

चकती तशीच घेऊन उरलेल्या दोन ठिकाणी फिरवली. मग दार लावलं.

सोमवार, २९ जानेवारी

काम पूर्ण. एकंदरीत समाधानकारक. मामांच्या नजरेला काही आढळणार नाही. नुसती स्वच्छ, बेवारशी चीजवस्तू. म्हणजे बेवारशी नव्हे. घरातली.

काल चर्चमध्ये माझा बाक पूर्ण रिकामा होता. पुढचाही. महिला मंडळाच्या बायका दर महिन्याच्या शेवटी भेटायला येतात, या वेळी आल्या नाहीत. गल्लीतून गेलो की लोक बोलायचे थांबतात. वर्षाचा दिवस जवळ आल्यामुळे सगळे माझ्या दुःखाचा मान ठेवतायत. माणसं वाईट नसतात.

पाद्री मात्र हात धरून म्हणाले, "भाऊ, मनात काही असेल तर शनिवारच्या आधी बोला." मी म्हटलं, "मन स्वच्छ आहे." ते म्हणाले, "तसंच ऐकलं."

गुरुवार, १ फेब्रुवारी

आचियाबाईंनी आज केंकी दिली नाही. म्हणाल्या, "संपली." टोपल्यातून वाफ येत होती. मी टोपल्याकडे बघितलं, त्यांनीही बघितलं.

"वर्ष तरी भरू द्यायचं होतं, स्टोअरकीपर," त्या म्हणाल्या.

मी समजावलं की वर्ष शनिवारी भरतंच आहे. त्यांनी टोपल्यावर फडकं ओढलं. बाईंना तारखा समजत नाहीत.

बिस्किटं खाल्ली.

सापोमाला फोन करून पाहिला. आज एकदाही उचलला नाही तिने. मामांना केला तर त्यांनी उचलला आणि एवढंच म्हणाले, "शनिवारी बोलू." मागे बरीच माणसं बसलेली असावीत. मामा फोनवर आले तसं तिथे शांत झालं.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

शेवटची तयारी.

जे जायचं ते सगळं मी स्वतः पुढच्या खोलीत काढून ठेवलंय. कापडाच्या पेट्या, मोठी पातेली, भाड्याने द्यायच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, केकचे साचे. कोणालाही वाटेल, एवढंच होतं. स्वयंपाकघराचं दार बंद. पुढे खुर्च्यांची चळत.

मामा म्हणतील, "चेहरे कुठे?" मी म्हणीन, "गोंदाने स्टील खराब होतं." एवढं पुरे. मी जास्त बोलणारा माणूस नाही हे त्यांना ठाऊक आहे. ते पाणी पितील, पितरांच्या नावाने जमिनीवर पेय सांडतील, आशीर्वाद देतील आणि जातील.

मग रविवारपासून स्वयंपाक. शेंगदाण्याचं सार. बिरागोची पद्धत मला साधारण माहीत आहे. शेंगदाणे लागतात.

खुर्च्यांच्या चळतीमागे, दारापलीकडे फ्रिजची मोटर मध्येच सुरू होते आणि बंद होते. पूर्वी कधी आवाज ऐकला नव्हता. पूर्वी घरात बोलणं असायचं.

शनिवार, ३ फेब्रुवारी, संध्याकाळ

पांढरे कपडे. चर्च. सापोमा माझ्या बाकावर बसली नाही.

अंगणात जेवण झालं. कोणी हसत नव्हतं. ट्रक आला, चार पोरं उतरली. मामा काठी टेकत सरळ आत गेले. खुर्च्यांची चळत पाहून म्हणाले, "हलवा." पोरांनी हलवली.

मामा स्वयंपाकघरात उभे राहिले. बऱ्याच वेळाने फ्रिजपाशी गेले, चष्मा वर करून अगदी जवळून बघितलं. मग बोटाने तो चकचकीत अंडाकार चाचपला. मग ओव्हनवरचा. मग यंत्रावरचा. मग बाकीच्या तिन्ही वस्तू. टोस्टरवर बोट काळं झालं, ते त्यांनी अंगावरच्या पांढऱ्या कापडाला पुसलं.

"जावईबापू, चेहरे कुठे आहेत?"

मी म्हटलं, "गोंदाने स्टील खराब होतं."

दारात सगळे जमले होते. आचियाबाई, कम्फर्ट, चर्चची माणसं.

मामा हळू आवाजात बोलले. बिरागोने इस्पितळात त्यांना आणि सापोमाला सांगितलं होतं: बाकी सगळं तुम्ही न्या, पण या सहा वस्तू त्यांना राहू द्या. ते स्वतःहून मागणार नाहीत. ते कधी काही मागत नाहीत. माझा चेहरा लावून ठेवा, म्हणजे उचलणारी पोरं चुकणार नाहीत. "म्हणून चेहरे लावले आम्ही," मामा म्हणाले. "ट्रक बाकीच्यासाठी होता. हे ठेवायचं होतं."

मला बसायला काही मिळेना. खुर्च्या सगळ्या बाहेर नेल्या होत्या.

सापोमा पुढे आली. "बेबी ऑइल कोणासाठी, दाजी? हेअर ड्रायर कोणासाठी? नखांचं औषध कोणासाठी? केजेतियात लोक मला विचारतात. माझ्या बहिणीला दोरीवर वाळत घातलंत, आणि म्हणालात, आता आत ठेवून उपयोग नाही!" तिचा आवाज फाटला. "कोणी बाई आणलीय का? एकदा सांगून टाका. मी ओरडणार नाही."

खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. कोणी नाही, हे तुम्ही नेऊ नये म्हणून मी तुमच्यापासून लपवत होतो. सापोमा तशीच उभी होती, डोळे माझ्यावर. दारातले सगळे कान देऊन. सासुरवाडीपासून वस्तू लपवणारा जावई.

मी मान डोलावली.

कोणीतरी, बहुतेक कम्फर्ट, म्हणाली, "बघा, मी सांगितलं नव्हतं?" सापोमाने तोंडावर कापड घेतलं.

मामा म्हणाले, "चेहरा पुसून टाकलात, म्हणजे नको आहे. ठीक. माझ्या भाचीची कमाई दुसरीच्या हाताखाली राबणार नाही. उचला रे."

पोरांनी फ्रिज आधी काढला. दारातून निघेना, म्हणून आडवा केला. हँडलवरचं निळं प्लास्टिक चौकटीला अडकलं आणि फाटून गेलं.

सगळे गेले तेव्हा अजून उजेड होता. मामा जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुखी राहा." त्यांचा तसा अर्थ असावा.

रविवार, ४ फेब्रुवारी

चर्चला गेलो नाही. घसा बसलाय, धुळीमुळे.

सोमवारी मांपोंगला जाऊन मामांना सगळं नीट समजावून सांगीन. सोमवारी ते शेतावर असतात. बुधवारी. नाहीतर पुढच्या आठवड्यात, म्हणजे त्यांचा राग निवलेला असेल. पत्रही लिहिता येईल. सापोमाला आधी सांगावं की मामांना, हे ठरवायला हवं.

काल फ्रिज आडवा करताना वितळलेलं पाणी सगळीकडे सांडलंय. वस्तू होत्या त्या जागी फरशी स्वच्छ, बाकी तांबडी.

दुपारी आचियाबाईंकडे गेलो. आज त्यांनी दिली. पानात गुंडाळलेल्या दोन केंकी, दोन मासे. मी म्हटलं, मला एकच लागते. त्या म्हणाल्या, "एक तिच्यासाठी. झालं ते झालं, तिने का उपाशी राहायचं? लाजत असेल तर मी येऊन भेटते."

मी म्हटलं, "आज नको. दमलीय."

दोन्ही घेऊन घरी आलो. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून एक खाल्ली. हात धुतले. दुसरी ताटाखाली झाकून ठेवली.